मदत हवी आहे: गॅलिपोलीचा सिम्प्सन आणि आपले खेचरवाले

मंडळी, मुलीच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिकबद्दल लिहितोय. जन्म इंग्लंडातला, १८९२ चा. जहाजावरून पळून ऑस्ट्रेलियात राहिला, पडेल ते काम करून आईला पैसे धाडत राहिला. पहिलं महायुद्ध लागताच पर्थला ऑस्ट्रेलियन सैन्यात भरती झाला.

२५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरला, काम जखमींना उचलून आणण्याचं. त्याने एक गाढव धरलं, त्याच्या कपाळावर रेड क्रॉसची पट्टी बांधली आणि गोळ्यांच्या माऱ्यातून जखमींना त्यावर बसवून दरीतून खाली किनाऱ्यावर आणू लागला. १९ मे च्या सकाळी मशीनगनच्या गोळीने गेला. अवघा बावीस वर्षांचा! वाचताना पोटात कालवलं.

मला अडलंय ते पुढे. तो आपल्या २१व्या कोहाट माउंटन बॅटरीच्या (ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेची डोंगरी तोफखान्याची तुकडी) खेचरवाल्यांच्या तळावर राहायचा, त्यांच्यातच जेवायचा. ते त्याला 'बहादूर' म्हणायचे. या भारतीय जवानांची पत्रं, आठवणी कुठे वाचायला मिळतील? मराठी, हिंदी, काहीही चालेल. आणि गॅलिपोलीच्या बीच सिमेटरीत कुणी गेलं असेल, तर सिम्प्सनच्या कबरीचा स्वतः काढलेला फोटो द्याल का? भित्तिपत्रक सोमवारी लावायचंय.