बहिणीच्या मोबाईलमध्ये स्वतःला इजा करण्याची ऊर्मी थांबवणारं ॲप आहे. त्यावर भरवसा ठेवावा का?

सोयाबीन_भैय्या (औसा तालुका, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. लिहावं का नको, यातच दोन दिवस गेले. माझं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर माणसं येतात-जातात, पण हे कुणाजवळ बोलावं ते सुधरंना झालंय.

धाकटी बहीण लातूरला नीटची तयारी करते. रिपीटर आहे. उद्योग भवनच्या मागं एका खोलीत तिघी राहतात. मागच्या रविवारी मी धपाटे आणि दह्याचा डबा घेऊन गेलो. ऊन असलं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेली. धपाटा मोडताना बाही वर सरकली. तिनं झटक्यात खाली ओढली. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं तिनं पाहिलं. बराच वेळ दोघंबी गप्प. मग मी विचारलं, “दही आंबट झालंय का?” आयुष्यात एवढा येडपट प्रश्न मी कुणाला विचारला नसंल.

निघताना जिन्यात म्हणाली, “भैय्या, अण्णांना सांगू नको. मी ॲप टाकलंय.” आणि दाखवलं. नाव ‘काम हार्म’ (Calm Harm). आधी पासवर्ड टाकायचा. मग विचारतं, पाच मिनिटं का पंधरा मिनिटं. मग आराम मिळेल असं काही, लक्ष दुसरीकडं जाईल असं काही, मनातलं बाहेर काढायचं, नुसता श्वास घ्यायचा, यातलं एक निवडायचं. वेळ संपेपर्यंत लाट ओसरू द्यायची म्हणे. सगळं इंग्रजीत. फुकट आहे.

आता मला कळंना की हा खरंच इलाज आहे का मोबाईलमधलाच एक खेळ. इंग्रजी तिला येतं, पण रडताना माणूस इंग्रजी वाचतो का? आणि टेस्टमध्ये मार्क ४१० वरून ३६० वर आले म्हणून अण्णांनी आधीच ठरवलंय की पुढच्या महिन्यात हिचा मोबाईल काढून बटणाचा फोन द्यायचा. बाकीचं त्यांना काहीच माहीत नाही. काय करावं?

मास्तर_उदगीर

बापू, तीस वर्षं शाळेत काढली म्हणून सांगतो. दुखणं मोबाईलचं आणि औषधही मोबाईलचंच? वडिलांचं बरोबर आहे. बटणाचा फोन द्या, महिनाभर गावाकडे आणा, शेतात फिरू द्या. पोरगी आपोआप ताळ्यावर येईल.

रात्रपाळी_संभाजीनगर

भैय्या, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीला नांदेडला होते तेव्हा तुमच्या बहिणीच्याच जागी होते. उन्हाळ्यातला पूर्ण बाह्यांचा शर्ट मला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आधी मास्तरांना. सर, राग मानू नका. माझाही फोन काढून घेतला होता. त्या दिवशी ज्या एका मैत्रिणीला मी रात्री एक वाजता मेसेज करू शकत होते तीसुद्धा गेली. फोन गेला, ऊर्मी तिथंच राहिली.

आता ॲपचं. ते इंग्लंडमधल्या स्टेम-फोर नावाच्या संस्थेसाठी डॉ. निहारा क्राउस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तयार केलंय, तरुण पोरापोरींसाठीच. खेळ नाही तो. त्याच्यामागे डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची, अनावर भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धत आहे. ती ज्यांनी उभी केली त्या मार्शा लिनेहान यांनी २०११ साली उघडपणे सांगितलं की तरुणपणी आपण स्वतःही यातूनच गेलो होतो. मला हे कळलं त्या दिवशी मी वहीत त्यांचं नाव लिहून ठेवलं. उगाच. बरं वाटलं.

पण ती लाट काही माझ्या डोक्यात बसेना. आपण मराठवाड्यातली माणसं, समुद्र पाहिलाय कुणी? मी माझ्यापुरतं ते ओढ्याचं पाणी केलं. आमच्या गावाच्या ओढ्याला पाणी आलं की फरशी पुलावरून जायचं नसतं. अलीकडे गाडी लावायची, बिस्किटाचा पुडा फोडायचा, थांबायचं. जो म्हणतो ‘एवढ्यानं काय होतंय’ आणि गाडी घालतो, तो वाहून जातो. पाणी मात्र उतरतंच. ऊर्मी आली की छातीत अगदी तसं होतं, वाटतं की हे आता कधीच उतरणार नाही. घड्याळ लावून बघितलं तर माझं बहुतेक वेळा वीस मिनिटांच्या आत उतरायचं. ॲप एवढंच करतं, अलीकडच्या काठावर थांबायला लावतं.

इंग्रजीचं तुम्ही बरोबर ओळखलं. रडताना मला ‘डिस्ट्रॅक्ट’चं स्पेलिंगसुद्धा परकं वाटायचं. म्हणून मी व्हॉट्सॲपवर माझ्या एकटीचाच ग्रुप केला. मैत्रिणीला घेऊन ग्रुप काढायचा आणि मग तिला काढून टाकायचं, झाला एकटीचा. नाव ठेवलं ‘उतार’. त्यात सगळ्यात वर मीच मला बऱ्या दिवशी केलेला व्हॉइस मेसेज: “उठ. बेसिनपाशी जा. गार पाण्याचे हबके मार तोंडावर. पुसू नको लगेच.” गार पाण्यानं काळजाचे ठोके खरोखर मंदावतात, हे पुढं नर्सिंगला शिकले. त्याच्या खाली धाकट्या भावाचं २६ जानेवारीचं भाषण. ‘पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणून अडकतो, परत ‘पूज्य गुरुजनवर्ग’, आणि तिसऱ्यांदा “ताई, बंद कर की!” चाळीस सेकंदाचं आहे. किती रात्री ऐकलंय ते माझं मला माहीत. शेवटी दोन नंबर, मैत्रिणीचा आणि १४४१६, म्हणजे टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन.

जे जमलं नाही तेही सांगते. एका चॅटबॉटवर मी इंग्रजी अक्षरांत ‘आता सहन होईना’ असं टाईप केलं, तर त्यानं आजचा मूड नोंदवल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. त्या रात्री मी हसले की रडले ते आठवत नाही. ‘काम हार्म’नं असला येडेपणा कधी केला नाही, पण तिसऱ्यांदा पंधरा मिनिटं लावूनही पाणी उतरेना तेव्हा त्याच्यापाशीही देण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग १४४१६ लावला. मराठी निवडली. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, “जेवलीस का?” मी जेवले नव्हते.

ग्रामीण_समुपदेशक (बीड)

दोन ओपीडींच्या मधे लिहिते आहे, म्हणून तुटक.

भैय्या, ॲप राहू द्या. पण त्याच्या भरवशावर तिला सोडू नका. इंग्लंडमध्येच ब्ल्यूआइस नावाचं असंच एक ॲप मुलांच्या मानसोपचार सेवेत वापरलं जातं, तेसुद्धा समोरासमोरच्या उपचाराच्या जोडीला. पर्याय म्हणून नाही.

पहिलं काम. तिला सरळ विचारा: “तुला मरावंसं वाटतं का?” याच शब्दांत. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटतो. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकीला मरायचं असतंच असं नाही. पुष्कळदा आतलं असह्य थांबवायचं असतं. पण जोखीम वाढते हे खरं, म्हणून अंदाज बांधत बसू नका. ‘हो’ म्हणाली तर त्या क्षणापासून तिला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना.

दुसरं. तुमचं कृषी सेवा केंद्र आहे हे वाचून मी थांबले. दुकानातली आणि घरातली फवारणीची औषधं आज कुलपात. किल्ली तुमच्या खिशात, खिळ्याला नाही. गावाकडे आणायचं म्हणणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. ऊर्मी थोड्या वेळाची असते. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार अवलंबून असतं.

‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुला न सांगता कुणाला सांगणार नाही’ असं म्हणा. हे पाळता येतं.

हातावरच्या जखमा बघून आरडाओरडा नको, ‘दाखव, दाखव’ नको. मलमपट्टी हवी का एवढंच. तिच्या ॲपचा पासवर्ड मागू नका. ती तिची खोली समजा.

लातूरच्या शासकीय मेडिकलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथं न्या. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या वाट्याला एकही नाही, हे रडगाणं मी रोज गाते, आज नको. पण तुमच्या बहिणीला मनोरुग्णालय लागतच नाही, ओपीडी पुरते. आणि पोलीस केसची भीती सोडा. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूससुद्धा प्रचंड तणावाखाली होता असंच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा नाही, उपचार. इथं तर तेवढंही नाही.

क्लासमध्ये समुपदेशक आहे का, हेही विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा, आणि टेलिमानसचा नंबर दिसेल असा लावावा. त्या नंबरची पाटी कुठं दिसते का बघा. मराठीत काही ऐकायचं असेल तर मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेचं ‘आवाहन’ यूट्यूब चॅनल आहे, तुम्ही आधी ऐका.

पुढचा पेशंट आला.

मास्तर_उदगीर

तो १४४१६ बटणाच्या फोनवरून लागतो का?

रात्रपाळी_संभाजीनगर

लागतो सर. पैसेही पडत नाहीत. चोवीस तास. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

सोयाबीन_भैय्या (औसा तालुका, जि. लातूर)

उशीर झाला, पेरणीची गडबड होती.

गोदामाला नवं कुलूप घातलं. बियाणं न्यायला आलेला चुलता म्हणतो, “चोर आले का काय गावात?” म्हणलं, हाव.

मंगळवारी गेलो. खोलीत मैत्रिणी होत्या म्हणून तिला गंजगोलाईत नेलं. उसाच्या रसाचे दोन ग्लास घेतले आणि विचारलं, बीडच्या ताईंनी सांगितलं त्याच शब्दांत. माझाच आवाज फाटला. ती ग्लासावरचं पाणी बोटानं पुसत बसली. मग म्हणाली, “नाही भैय्या. मरायचं नाही. डोकं थोडा वेळ बंद पडावं वाटतंय.” परत म्हणाली, “तू असं तोंडावर विचारशील असं वाटलं नव्हतं.” मग दीड तास बोलली. ते इथं लिहीत नाही.

ओपीडीत गुरुवारी जाऊन आलो. रांग मोठी होती, पण डॉक्टरीण बाई मला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्या. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. ॲप चालू ठेव म्हणाल्या. मायला सांगितलं, तिला विचारून. अण्णांना अजून नाही. मोबाईलचं मात्र मी अण्णांना एवढंच म्हणलं की फिजिक्सचे व्हिडिओ त्याच्यातच आहेत. खोटं नाही, अर्धं आहे.

रात्रपाळी ताई, तुमचं ओढ्याचं तिला वाचून दाखवलं. आमच्याबी गावात फरशी आहे. तिनं तिथल्या तिथं एकटीचा ग्रुप केला. नाव काय ठेवलं ते दाखवलं नाही. मग मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाली, “बोल.” काय बोलू? म्हणाली, “तेच. त्या दिवशीचं.”

रसाच्या गाड्यावर, पाच माणसांत, मोबाईलमध्ये तोंड घालून मी म्हणलं, “दही आंबट झालंय का?”