चर्चा : पेशवे दफ्तराची सूची रुमालापर्यंत की कागदापर्यंत?

मोडीवाचक
पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), कोट्यवधी कागद. नुसत्या स्कॅनिंगने वाचकाचं भागत नाही. वतनाचा कागद शोधणारा माणूस 'श्रीगोंदा' टाइप करणार. कागदात असतं त्याच गावाचं जुनं नाव, 'चांभारगोंदे'. ही नावं सूचीत जोडलेली नसतील तर स्कॅन कितीही सुबक असो, त्याला तो कागद सापडणारच नाही. म्हणून प्रत्येक कागदाची नोंद हवी : गाव, व्यक्ती, तारीख, विषय.

दफ्तरी
साफ असहमत. एकेक कागद नोंदवत बसलात तर दोन पिढ्या जातील, तोवर बाकीच्या रुमालांत काय आहे ते कुणालाच कळणार नाही. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या आयसॅड-जी या अभिलेख-वर्णनाच्या मानकाचा (१९९४, सुधारित २०००) क्रम बरोबर आहे : आधी संपूर्ण संग्रह, मग विभाग, मग खालचं. रोजकीर्दीतल्याच (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतल्याच) नोंदी घडणी नावाच्या कागदांत खातेवार उतरवलेल्या असतात. हे ठाऊक नसलेला अभ्यासक सुटे कागद पाहून एकच रक्कम दोनदा धरेल.

मोडीवाचक
घडणीचं मान्य. पण त्या मानकात अत्यावश्यक बाबी सहाच : संदर्भांक, शीर्षक, निर्माता, काळ, व्याप्ती, वर्णनाची पातळी (संग्रह, विभाग की कागद). गावाचं नाव त्यात नाही. काळाचंही बघा. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन (त्या कागदांतली कालगणना) ११७१. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणजे इसवी १७७० आणि १७७१ दोन्हींत पडतं. सूचीत फक्त '१७७१' लिहिलं, की १७७० च्या पावसाळ्यातला कागद शोधणारा हुकला. मूळ साल जसंच्या तसं आणि शेजारी इसवी कालावधी, एवढं तरी सक्तीचं करा.

नवा_अभ्यासक
मोडी वाचणारं सॉफ्टवेअर शोधापुरतं का वापरू नये? 'यंत्रवाचन, न तपासलेलं' असा ठळक शेरा मारून.

दफ्तरी
मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे लिहीत नाहीत. कुणबी नोंदींसाठी लोक मोडी कागदांमागे कसे धावले ते आपण पाहिलं. यंत्राने चुकीचं आडनाव दिलं तर शेरा कोण वाचतो? तो माणूस प्रिंट घेऊन थेट कचेरीत जाईल. तारखेच्या सक्तीला माझा पूर्ण पाठिंबा. कागदवार नोंद मात्र मागणी असलेल्या रुमालांचीच व्हावी.

मोडीवाचक
रुमालात काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणी कशी करणार? आधी गावांची जुनी-नवी नावं जोडा, मग मागणी मोजा.