इंग्लिश मेलमध्ये सूचना द्यायची तर शुड, मस्ट, कुड, माइट यातलं कुठं काय वापरायचं?

गोदाकाठ (गंगाखेड, सध्या वाळूज)
नमस्कार मंडळी, मी वाळूजला एका मशिनिंगच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे, आमचा माल बाहेर देशात जातो आणि आता कस्टमरला मेल मलाच टाकावे लागायलेत. शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच, हे पुस्तकातलं कळतं. पण आता गोष्ट अशी आहे की एका शाफ्टच्या स्टेपपाशी ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याचा रेडियस (गोलाई) जास्तीत जास्त ०.२ मिमी दिलाय, आमच्याकडं ०.४ चं इन्सर्ट (मशीनला लावायचं कापणारं टोक) चालतं, ०.२ चं लावलं की टोक लवकर झिजायलंय आणि घडीघडी बदलावं लागायलंय. आमचं म्हणणं एवढंच की शाफ्टवर बसणाऱ्या समोरच्या पार्टला अडचण नसंल तर ०.४ करून द्या. "यू शुड चेंज द ड्रॉइंग" लिहिलं तर कस्टमरला शिकवायल्यासारखं वाटतंय, पुढं प्लीज लावलं तरी तेच. उद्या सकाळी मेल टाकायचाय. आपलं मत पण पोचावं आणि उद्धट पण वाटू नये, कसं लिहू?

मांजराकाठची (लातूर)
दादा, मी अकरावी-बारावीला इंग्लिश शिकवते, पोरं नेमकी इथंच अडकतात. आपण बोलताना "बदलायला पाहिजे" म्हणलं तर तो सल्ला आहे का हुकूम हे आवाजावरून कळतं, आणि वरून आपण "जरा", "बघा बरं", "जमलं तर" असं काहीतरी जोडतोच. मेलला आवाज नसतो, त्यामुळं सगळा भार त्या एका शब्दावर पडतो.

कुड म्हणजे पर्याय समोर ठेवला, घ्यायचा का नाही ते त्यांनी ठरवायचं. शुड म्हणजे माझ्या मते हेच बरोबर. मस्ट म्हणजे दुसरा रस्ताच नाही, आणि ते कस्टमरला आपण सांगायचं नसतं. पण मस्ट दरवेळी कडक असतो असंही नाही, पाहुण्याला "यू मस्ट ट्राय अवर हुरडा" म्हणलं तर तो आग्रह झाला, कुणी राग मानत नाही. फायदा कोणाचा आहे त्यावर ते ठरतं.

तुमच्या वाक्यात शुडपेक्षा "यू" जास्त टोचतोय. "यू शुड" च्या जागी "आय थिंक वुई शुड" लिहिलं की लगेच मत वाटतं, किंवा माणूसच काढून टाका, "कुड द रेडियस बी रिलॅक्स्ड टू ०.४?" असं विचारा. दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. एक, हॅड बेटर. क्लासमध्ये त्याचा अर्थ "तर बरं होईल" असा सांगतात म्हणून पोरं साहेबाला पण तेच लिहितात, पण त्यात "नाहीतर बघा" अशी धमकी असते. दुसरं, शुड हॅव. "यू शुड हॅव टोल्ड अस" म्हणजे "सांगायला पाहिजे होतं", तो सरळ ठपका आहे, सूचना नाही.

ऑडिटवाला (छत्रपती संभाजीनगर)
ताईंचं बरोबर आहे, फक्त आपल्या लाइनमधलं एक सांगतो. आयएसओ ९००१:२०१५ हे क्वालिटीचं स्टँडर्ड उघडून बघा, सुरुवातीलाच या शब्दांचे अर्थ ठरवून दिलेत. शाल म्हणजे आवश्यकता, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. ऑडिटमध्ये शाल मोडला की एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे त्रुटीची नोंद) बसते, नुसत्या शुडवर बसत नाही. म्हणून प्रोसिजर लिहिताना मवाळपणा करू नका, ऑपरेटरने गेज तपासायचाच असेल तर तिथं शुड लिहिलं की काम सुटलंच म्हणून समजा. पण तोच शाल प्रश्नात आला की एकदम नरम होतो, "शाल वुई रन अ ट्रायल लॉट?" म्हणजे "ट्रायल लॉट काढू का?", कस्टमरला हे बिनधास्त लिहा.

आणि माझं मत थोडं वेगळं आहे, फार पण मऊ लिहू नका. "यू माइट वॉन्ट टू कन्सिडर" असं लिहिलं आणि समोरच्याची पण मायबोली इंग्लिश नसली तर त्याला कळतच नाही की तुम्हाला काही हवंय, मेल तसाच पडून राहतो. एक कुड बास झाला, त्याच्या शेजारी कारण लिहा. अजून एक, "देअर मस्ट बी अ मिस्टेक इन द ड्रॉइंग" लिहू नका. इथला मस्ट पाहिजेचा नाही, खात्रीचा आहे, "चूक आहेच" असा. चूक असेलच असं नाही, त्यांच्या डिझायनरने ०.२ मुद्दाम दिलेला असू शकतो. आणि डेव्हिएशन (ड्रॉइंगपेक्षा वेगळं करायची सूट) लेखी मंजूर होईपर्यंत ०.२ नेच चालवा, ते पण मेलमध्ये टाका.

गोदाकाठ
लई आभार ताई आणि सर. असं लिहिलंय, बघा बरं:
"द मॅक्झिमम कॉर्नर रेडियस इन द ड्रॉइंग इज ०.२. वुई सजेस्ट यू टू चेंज इट टू ०.४, इफ द चॅम्फर ऑन द मेटिंग पार्ट इज बिग इनफ. द ०.२ इन्सर्ट वेअर्स आउट फास्ट. कुड यू प्लीज चेक अँड कन्फर्म? अंटिल देन वुई विल कंटिन्यू विथ ०.२."

आसनाकाठ (नांदेड)
भाऊ, मेल चांगला जमलाय, चॅम्फरचं (समोरच्या पार्टच्या कडेचा तिरका काप) लिहिलं ते तर फारच बरं केलं, त्यांनी नेमकं काय तपासायचं ते कळतंय. फक्त "सजेस्ट यू टू" काढा, सजेस्टच्या मागं असं टू येत नाही, "वुई सजेस्ट चेंजिंग इट टू ०.४" करा. नाहीतर सजेस्ट सोडूनच द्या आणि "वुई थिंक ०.४ वुड वर्क हिअर" लिहा, मला हे जास्त आवडतं, वुडमुळं मत पण ठाम राहतं आणि "तुम्हाला पटलं तर" हे पण त्यात येतं. इन्सर्ट झिजण्याचं वाक्य चेक अँड कन्फर्मच्या आधीच असू द्या, आहे तिथंच ठीक आहे. जमलं तर स्टेपचा फोटो पण जोडा.