पॉवर व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातलेच हवेत का?

तरंग
ईएल३४ व्हॉल्व्हचा पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीनं काम करणारा) अँप्लिफायर असेल तर पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या निर्वात नळ्या, जुन्या साठ्यातल्या, न वापरलेल्याच घ्या, असं माझं ठाम मत आहे. रेडिओ, टेलिफोन, लष्कर सगळं व्हॉल्व्हवर चालत होतं तेव्हा कारखान्यांना कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) लेपात किंवा निर्वात करण्यात ढिलाई परवडत नव्हती. मुलार्डच्या ब्लॅकबर्न कारखान्यातला चांगला नग एकदा ३५ मिलिअँपिअरवर बसवला की बायसला (करंट ठरवणाऱ्या ग्रिडच्या ऋण व्होल्टेजला) पुन्हा हात लावावा लागत नाही.

ओहम
साफ असहमत. पन्नास वर्षं खोक्यात पडलेला व्हॉल्व्ह वापरलेला नसेल, पण निर्वात शाबूत असेलच असं नाही. गेटर (काचेच्या आतला, उरलेला वायू शोषणारा चकचकीत थर) पांढरा पडला तर हवा शिरली हे उघडच दिसतं. थोडासा वायू असेल तर मात्र गेटर चकचकीतच राहतो, आणि साधा एमिशन टेस्टरही (कॅथोड किती करंट देतो एवढंच मोजणारा) 'उत्तम' दाखवतो.

आता हिशेब बघा. ग्रिडचा (करंट आवरणाऱ्या जाळीचा) रेझिस्टर २२० किलोओहम आणि वायूमुळे ग्रिड करंट ५ मायक्रोअँपिअर, म्हणजे ग्रिड १.१ व्होल्टनं धन बाजूला सरकलं. त्या बिंदूवर दर व्होल्टला ६ मिलिअँपिअर धरले तरी ३५चे ४१-४२ होतात. व्हॉल्व्ह अजून तापतो, अजून वायू सुटतो, करंट अजून चढतो. फिक्स्ड बायसमध्ये (बायस वेगळ्या पुरवठ्यातून ठरावीक येतो तेव्हा) हे थांबवणारं काही नाही. प्लेट (करंट गोळा करणारा भाग) लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही सोबत जातो. पॉवर व्हॉल्व्ह नवे, जुळवलेले (सारखा करंट घेणारे) घ्या, जुने ईसीसी८३ हे छोटे व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात वापरा. तिथे करंट जेमतेम एक मिलिअँपिअर असतो.

पिन पाच
दोघांनी कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल ग्रिडकडे नेणारा, डीसी अडवणारा) सोडला. जुन्या अँपमध्ये कागदी कपॅसिटर गळतात आणि दोष बिचाऱ्या व्हॉल्व्हवर जातो. पॉवर व्हॉल्व्ह काढा, ड्रायव्हर (त्यांना सिग्नल देणारे छोटे व्हॉल्व्ह) तसेच ठेवा, चालू करून पिन ५च्या, म्हणजे ग्रिडच्या त्याच २२० किलोओहम रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मीटर लावा. ०.२२ व्होल्ट दिसले तर १ मायक्रोअँपिअर गळती, कपॅसिटर बदला. मग व्हॉल्व्ह लावून, पुरता तापल्यावर तेच माप घ्या. आता जे वाढलं ते व्हॉल्व्हचं. व्हॉल्व्ह नसताना एचटी (प्लेटला जाणारा मुख्य उच्च व्होल्टेज) वर जातो, त्यामुळे फिल्टर कपॅसिटरचं रेटिंग आधी वाचा. हात घालण्यापूर्वी ते कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरनं खात्री करा. बंद केल्यावरही तिथे ४०० व्होल्ट उरलेले असू शकतात.

तरंग
ही चाचणी मान्य, आणि जुना व्हॉल्व्ह विकणाऱ्यानं तो आकडा द्यायलाच हवा. पण 'जुना म्हणजे वायू' हे पटत नाही. कॅथोड बायसमध्ये तर करंट चढला की कॅथोड रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाढतो आणि तोच लगाम घालतो.

ओहम
लगाम घालतो, पण वायू काढत नाही. आणि नवा असो की जुना, माप घेतल्याशिवाय लावू नका: कॅथोडला १० ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर, ३५० मिलिव्होल्ट म्हणजे ३५ मिलिअँपिअर. ४३० व्होल्टला हे साधारण १५ वॅट होतात, ईएल३४च्या २५ वॅट मर्यादेच्या ६० टक्के. यात स्क्रीनचा (दुसऱ्या ग्रिडचा) करंटही धरलेला असतो, म्हणून प्लेटवरचा भार प्रत्यक्षात थोडा कमीच.

पिन पाच
६एल६जीसी या दुसऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या जागी जुने ईएल३४ लावणाऱ्यांनी आधी पिन १ आणि ८ (कॅथोड) जोडा. ईएल३४चा सप्रेसर (तिसरा ग्रिड) पिन १ वर येतो, तो लोंबकळत ठेवू नका. शिवाय हीटरला ०.९ऐवजी १.५ अँपिअर लागतात. चार व्हॉल्व्हचे २.४ अँपिअर जास्तीचे झाले. ट्रान्सफॉर्मरला ते झेपत नसतील तर जुना की नवा हा वादच उरत नाही.