मदत हवी आहे: चाकणच्या गोदामातली नोकरी

नमस्कार मंडळी. चाकणजवळ एका सुपरमार्केटवाल्यांचं नवं मोठं गोदाम सुरू होतंय. धाकट्या भावाला पिकिंग-पॅकिंगसाठी बोलावलंय, पण कंत्राटदारामार्फत. तो डिपॉझिट म्हणून आधी ३,००० रुपये मागतोय, पावती नाही. ऑफर लेटरऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच: ‘सोमवारी सहाला गेटवर ये, आधार आण.’ पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के पगारातून कापणार म्हणतो, पीएफ खात्याच्या यूएएन नंबरचं विचारलं की विषय बदलतो.

भाऊ दोन वर्षं घरी आहे. काल रात्रीच बूट पुसून दाराशी ठेवलेत त्याने. त्याचा हिरमोड करवत नाही, पण पैसे बुडाले तर? कंत्राटदाराचा परवाना कुठे तपासायचा? तिकडे गोदामात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा. रात्रपाळीला गाडी मिळते का, तेही.