मदत हवी आहे: ऑटोक्रोमच्या काचा स्कॅन करताना कण सुटे दिसत नाहीत

एका हौशी छायाचित्रकाराच्या ९×१२ सेंमीच्या ३ ऑटोक्रोम काचा आहेत (काचेवरचे जुने रंगीत फोटो, ल्यूमिएर बंधूंची पद्धत, बाजारात १९०७ पासून). फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला (एका इंचात २४०० पिक्सेल) आकाश गढूळ येतं. कारण उघड आहे: बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरवे, जांभळे कण साधारण १०-१५ मायक्रॉनचे आणि एक पिक्सेल १०.६ मायक्रॉनचा, म्हणजे एकाच पिक्सेलमध्ये दोन रंग कालवले जातात. ४८०० ला सुधारतं, पण काचेला काच टेकली की न्यूटन रिंग्ज (रंगीत वर्तुळं) दिसतात. पातळ पुठ्ठ्याची पट्टी घालून काच उचलली तर फोकस जातो. शार्पनिंग, ऑटो कलर दोन्ही बंदच आहेत (चालू ठेवलं तर कणांची वाट लागते).

दुसरा पर्याय म्हणजे एलईडी लाइटबॉक्सवर काच ठेवून कॅमेऱ्याच्या १:१ मॅक्रो लेन्सने (सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराचीच प्रतिमा) फोटो काढणं. फुल फ्रेम सेन्सरवर (३६×२४ मिमी) ओव्हरलॅप धरून एका काचेच्या २०-२५ फ्रेम होतील. कोणी जोडल्यात का? फ्रेमच्या कडेला रंग बदलतो तो कसा आवरता?

आणि एका काचेची कडेची कागदी पट्टी (फोटोची काच आणि वरची संरक्षक काच एकत्र धरणारी) सुटलीय, तिथे हिरवे ठिपके आहेत. ओल शिरून हिरवा रंग विरघळलाय हे कळतंय, त्यामुळे पाणी किंवा अल्कोहोल लावणार नाही. वरची काच न उघडता पट्टी बदलायला कोणता कागद आणि गोंद वापरता?