सांदीकोपरा, कोनाडा, वळचण, आडोसा: 'त' कुठे आणि 'ला' कुठे?

एक भाषांतर करताना अडलोय. खिडकीशेजारी भिंत थोडी आत गेलेली आहे आणि तिथे एक मुलगी पाय दुमडून वाचत बसते. जागा एकाच माणसापुरती. वारा लागत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला चटकन दिसतही नाही. मी 'सांदीकोपरा' लिहिलं, पण पुन्हा वाचल्यावर तिथे झुरळं असतील असं वाटायला लागलं. दुसरं काही सुचतंय का?

*

झुरळांचं अगदी बरोबर. सांद म्हणजे मूळची 'संधी', दोन वस्तूंमधली फट. (हीच संधी पुढे नोकरीची वगैरे झाली.) कपाट भिंतीला पुरतं टेकत नाही, चार बोटं जागा उरते, तिथे पेनाचं टोपण घरंगळतं आणि आपण पालथं पडून पट्टीने ते ओढत बसतो. ती सांद. ती मुद्दाम कोणी करत नाही, ती उरते. त्यामुळे सांदीकोपऱ्यासोबत येणारी क्रियापदंही तशीच: झाडणं, धुंडाळणं, पडून राहणं. तिथे जाऊन निवांत बसत कोणी नाही.

'कानाकोपरा' त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण काम निराळं. जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली म्हणजे सगळीकडून आली. सांदीकोपऱ्यातून आली म्हटलं, तर इतके दिवस कुठे दडून बसली होती असा प्रश्न पडेल.

*

मग 'वळचण'? फार गोड शब्द आहे.

*

गोड आहे, पण घराबाहेरचा आहे. उतरत्या छपराची भिंतीपुढे आलेली कड आणि तिच्याखालची हातभर जागा म्हणजे वळचण. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही तो छपराच्या कडेशीच बांधलेला आहे. अचानक सर आली की आपण भिंतीला पाठ लावून तिथे उभे राहतो. डोकं आणि खांदे कोरडे, पायांवर मात्र पागोळ्यांचे शिंतोडे. आणि छप्पर बहुतेक वेळा दुसऱ्याचं. म्हणून तर 'सत्तेच्या वळचणीला गेला' हे वाक्य इतकं झोंबतं. घरमालक वळचणीला उभा आहे, असं सहसा होत नाही. तुमची मुलगी स्वतःच्याच घरात आहे ना?

*

एक गंमत बघा. सांदीत, कोनाड्यात, कपारीत, खोपच्यात. पण वळचणीला, आडोशाला. कोणी शिकवलेलं नसतं, तरी जीभ चुकत नाही.

मला वाटतं, ज्या जागेला आत शिरण्याइतकी खोली आहे तिला 'त' लागतो. आडोसा म्हणजे खरं तर जागाच नव्हे, मध्ये आलेली वस्तू: झाड, भिंत, उभी धरलेली छत्री, काहीही. वाऱ्याने काडी विझते म्हणून ओंजळीचा आडोसा करतो, तेव्हा तिथे कुठला आलाय कोपरा? एक बाजू झाकली, बाकीच्या उघड्या. त्यात शिरता येत नाही, त्याला जाऊन बिलगता येतं. म्हणून 'ला'. 'आडोशात' लिहिलेलं दिसतं कधी कधी, माझ्या कानाला ते खटकतं.

कोपऱ्याचं तर आणखी मजेदार. 'कोपऱ्यात' उभा म्हणजे दोन भिंतींच्या आत, 'कोपऱ्यावर' उभा म्हणजे त्याच दोन भिंतींच्या बाहेर, रस्त्याच्या वळणावर. जागा तीच, पण एकाला निवारा आहे आणि दुसऱ्याला सगळे बघतायत.

*

म्हणजे मला 'त'वाला शब्द हवा. 'कोनाडा' कसा वाटतो? तो तर दिवा ठेवायचा असतो ना?

*

दिवा, काड्यापेटी, किल्ल्या. जाड भिंतीत मुद्दाम ठेवलेला, म्हणजे सांदीसारखा उरलेला नव्हे. लहानसा असेल तर त्याला देवळी किंवा दिवळीही म्हणतात. त्यात माणूस बसत नाही हे खरं. पण 'मनाचा कोनाडा' आपण सर्रास म्हणतो, तेव्हा शब्द ताणायला जागा आहे. नुसतं 'कोनाड्यात बसली' लिहिलंत तर ती बाहुली वाटेल. 'खिडकीच्या कोनाड्यात' लिहा, माप आपोआप मोठं होतं.

*

'खिडकीच्या कोनाड्यात पाय दुमडून, पडद्याच्या आडोशाला.' दोन्ही घेतले. झुरळं गेली.